ईराच्या जागी ताई

३ नोव्हेंबर, सोमवार

'बारह दरवाज़े' आता खऱ्या माणसांना घेऊन बनणार. सकाळी बसमध्ये वाचलं, रांझीहून जबलपूर शहरात जायला निघाल्या निघाल्या. लहानपणी रोज संध्याकाळी टीव्हीवर लागायचं ते कार्टून. ताई चौदाची, मी सातची. ती ईरा व्हायची, किल्ल्याची पहारेकरीण, आईची ओढणी खांद्यावरून मागे टाकून. बाकी सगळं मी. राक्षस मी, घोडा मी, दरवाजा पण मीच.

ईरा कोण करणार ते जाहीर नाही. फॅन ग्रुपवर दिवसभर तेच चाललं. ज्याची त्याची ईरा वेगळी, मोठ्या हिरॉइनी सगळ्या लावून झाल्या. मी काही लिहिलं नाही. घरी आली तर माझी ईरा मधल्या खोलीत सहावीचे हिंदीचे पेपर तपासून राहिली होती.

४ नोव्हेंबर, मंगळवार

स्टुडिओत एका लग्नाचा अल्बम द्यायचा होता. नवरीच्या गालावरचे डाग काढ, हनुवटी बारीक कर. सराफ्यातल्या दुकानाचे हारांचे फोटोही पडून. ते सगळं बाजूला ठेवून ताईचा जुना फोल्डर उघडला. मुंबईतले फोटो, दुखण्याच्या आधीचे. एका नाटकातला आहे, मान वळवून मागे पाहते आहे, केस घट्ट बांधलेले. त्यावर ईराचा लाल शेला टाकला. हातात कंदील, मागे दगडी दरवाजा. शेल्याच्या चुण्या नीट बसवायला दोन तास. चेहऱ्याला हात लावला नाही. गरजच नव्हती.

मालक सोनी भैया मागे येऊन उभे. "ये कौन है? किसी फ़िल्म की है?"

मी हो म्हटलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

टाकला फोटो माझ्या पेजवर. खाली ताईचं पूर्ण नाव आणि एक ओळ. ईरा हीच.

ताईला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाली असती. म्हणूनच नाही विचारलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कुठल्या कुठे गेला. बाहेरगावची माणसं शेअर करून राहिली. कोणीतरी तिची जुनी क्लिप काढली, मालिकेत चार भाग पोलीसवाली होती ती. लोकं लिहितात, बस यही है, और कोई नहीं. एकीने लिहिलं, ये अब तक कहाँ थी?

बसमध्ये रडायला आलं. कुठे होती! चार वर्षं झाली, रांझीत आहे. मुंबईत पहिलं मोठं काम मिळालं होतं, तालमीचा दुसरा दिवस. सकाळी चूळ भरायला गेली तर पाणी डाव्या बाजूने आपोआप गळून गेलं. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा उतरलेला. तोंडाचा लकवा. डॉक्टर म्हणाले, जाईल काही महिन्यांत. बराचसा गेला. पूर्ण नाही. डावा डोळा मागून मिटतो, हसली की ओठांची डावी कड वर जात नाही. काम दुसरीला गेलं. महिनाभरासाठी म्हणून घरी आली, ती शाळेत लागली. बाहेर जाताना मास्क अजून लावते.

घरी आली तर ताई म्हणाली, डोळे काहून लाल? मी म्हटलं, धूळ.

९ नोव्हेंबर, रविवार

बाबांना कळलं. शेजारच्या तिवारी आंटींनी मोबाइलवर दाखवला. बाबा धावतच घरात. खमरियाच्या फॅक्टरीतून रिटायर झाले त्यानंतर त्यांना असं चालताना पाहिलं नव्हतं. ताई चहा घेऊन राहिली होती. फोन सरळ तिच्या कपाशेजारी ठेवला.

"मंजू, हे पाह्य. लोकं काय म्हणून राहिले तुझ्याबद्दल!"

तिने पाहिलं. खूप वेळ. बोटाने मोठं करून पाहिलं.

"कोणी केलं हे?"

"मी," म्हटलं.

"शेला छान बसवला तू," म्हणाली, आणि कप धुवायला उठली.

बस, एवढंच. मला वाटलं ओरडेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी बाथरूममधून आवाज. ई... ऊ... ई... ऊ... गाल फुगवायचा, शीळ घालायची, ते डॉक्टरांनी दिलेले व्यायाम. दोन वर्षांपूर्वी सोडून दिले होते तिने. बाबा पेपर समोर धरून बसले होते, पान उलटत नव्हते.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

माझ्या पेजवर मुंबईहून मेसेज. आकाश म्हणून कोणी आहे, 'बारह दरवाज़े'साठी कलाकार शोधतो. खरं की खोटं पाहायला दोन-तीन ठिकाणी विचारलं. खरं आहे. ताईचा नंबर मागितला. बाबांना विचारलं. "देऊन टाक, त्यात विचारायचं काय?" दिला.

फोन तिला शाळेत आला, स्टाफरूममध्ये. संध्याकाळी फाटकातच मास्क काढून आत आली. शनिवारी अकरा वाजता व्हिडिओवर पाहणार आहेत. दोन पानं पाठवली आहेत, ईरा वडिलांच्या जागी पहाऱ्याला पहिल्यांदा उभी राहते तो सीन.

"तू सांगितलं का त्यांना? चेहऱ्याचं?"

"नाही."

"काहून नाही सांगितलं?"

म्हटलं, "तूच सांगून दे ना आधी, फोनवर."

"फोनवर आवाज ऐकूनच म्हणाला तो, हाँ, यही है." आणि हसली. मग डाव्या बाजूला हात गेला तिचा, सवयीने.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लिहू की नको.

स्टुडिओतला लाइट मागून आणला होता. उजवीकडून लावला, डावी बाजू अंधारात राहील असा. नवऱ्या मुलींचे करतो तसंच. ताई खुर्चीवर बसली, मोबाइलमध्ये स्वतःला पाहिलं. उठली. लाइटचा स्टँड उचलला आणि बरोबर समोर ठेवला.

"ताई, असं..."

"राहू दे. जा तू बाहेर."

मी आणि बाबा दाराबाहेर. तिने वाचलं. बारा-तेरा वर्षं झाली तिला असं ऐकून. बाबा भिंतीला टेकले. मला सात वर्षांची झाल्यासारखं वाटलं, पण ते खेळातलं नव्हतं. ही पस्तीस वर्षांची ईरा होती, बाप गेलेली, रात्रभर उभी राहणार होती, आणि ते सगळं आवाजात होतं.

संपलं. मग आकाश, फार अदबीने, "बहुत अच्छा पढ़ा आपने. मैम, एक बार स्माइल करेंगी?"

आतून काही आवाज नाही. करत असेल.

"आपको कुछ हुआ था क्या?"

"हाँ. फेशियल पैरालिसिस. चार साल हुए."

"और जो फोटो चल रही है, वो?"

"छह साल पुरानी है."

"अच्छा. अच्छा. हम बताते हैं, मैम. थैंक यू सो मच."

बाहेर आली. बाबांकडे पाहून म्हणाली, "भाजी कोणती करू?"

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फोन नाही. ई... ऊ... चालू आहे. शाळेत मोबाइल सायलेंटवर ठेवत नाही म्हणे आता, मुख्याध्यापिका बोलल्या तिला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मेसेज आला. तिला नाही, मला. तिला सरळ कसं लिहायचं कळलं नसेल त्याला.

लिहितो, तुमची बहीण फार चांगली अभिनेत्री आहे, सगळ्या टीमला आवडली. ईरासाठी नाही होणार. पण नवव्या दरवाज्याची वाकडी आहे, तो रोल मोठा आहे, त्यांच्यासाठी विचार करतो आहोत. मेकअपची पण फारशी गरज पडणार नाही. आप प्लीज़ उनसे बात कर लें.

वाकडी म्हणजे ती चेटकीण. तोंड एका बाजूला ओढलेलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला शाप देणारी. खेळात वाकडी मीच व्हायची. बोटाने ओठाचा कोपरा खाली ओढून धरायची आणि ताई हसून हसून लोळायची.

जेवताना मेसेज खिशात. ताईने विचारलं, "तुझ्या त्या पेजवर काही आलं का?"

"नाही," म्हटलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अजून सांगितलं नाही. रोज ठरवते. स्टुडिओतून निघताना ठरवते, रांझीत उतरेपर्यंत जातं.

आकाशचा परत एकदा आला. 'बात हुई?' मी लिहिलं, 'थोड़ा समय दीजिए.' कोणाचा वेळ मागून राहिली मी? तिचा? मी कोण तिच्यासाठी वेळ मागणारी.

आज तिने केस कापून घेतले. ईराचे असतात तेवढे. बाबा म्हणाले, छान दिसते. ती म्हणाली, "गरम होत होतं." नोव्हेंबरात.

२ डिसेंबर, मंगळवार

कळलं तिला.

स्वतःच फोन केला आकाशला, शाळा सुटल्यावर. तो म्हणाला, मैम, हमने तो आपकी सिस्टर को लिख दिया था.

मी घरी आली तर चप्पल काढायच्या आधी, "काय लिहिलं होतं त्यांनी?"

फोन दिला. उभ्या उभ्या वाचलं. दोनदा.

"बारा दिवस."

"तुला वाईट वाटलं असतं, ताई."

"मग वाटलं असतं. माझं होतं ना ते?" आवाज चढवला नाही. "फोटो टाकला, विचारलं नाही. नंबर दिला, विचारलं नाही. हे आलं तर लपवून बसली. मी बाजूच्याच खोलीत असते, शुभे. विचारायला किती वेळ लागतो?"

"मला तूच ईरा वाटते. दुसरी कोणी दिसतच नाही मला."

"मी नाही. तू तिला घेतलं, सहा वर्षांपूर्वीचीला. चार वर्षं समोर बसून जेवते माझ्या, आणि ईरा शोधायची तर तुला तीच सापडली."

"तू फोटो काढूच देत नाही."

"मागितला का कधी?"

नाही मागितला. बाबांच्या वाढदिवसाला एकदा तिने मान वळवली होती, पहिल्या वर्षी. तेव्हापासून मी तिच्याकडे मोबाइल केलाच नाही. मला वाटायचं मी सांभाळून घेते तिला.

बाबा आले तेवढ्यात. "काय झालं? काहून उभ्या दोघी?"

"काही नाही," ताई म्हणाली. "जेवायला बसा."

६ डिसेंबर, शनिवार

माझ्याशी बोलत नाही. म्हणजे भांडत पण नाही. "बाबा, शुभाला सांगा दूध वर येऊन राहिलं." मी शेगडीजवळच उभी होती.

व्यायामाचा आवाज बंद.

१४ डिसेंबर, रविवार

ईरा जाहीर झाली. मोठ्या घरची मुलगी, सुंदर आहे, वाईट काहीच नाही तिच्यात. ग्रुपवर रणधुमाळी. आणि हत्यार कोणतं, तर माझा फोटो. इससे अच्छी तो वो थी. हर जगह वही लगाओ. कोणाला ताईशी काही घेणं नाही, भांडायला एक चेहरा पाहिजे.

मग कोणीतरी विचारलं, वो आजकल दिखती कैसी है? आणि तिच्या शाळेतल्याच कोणी मुलीने स्नेहसंमेलनाचा फोटो टाकला. बिचारीने कौतुकाने टाकला असेल, 'हमारी मंजिरी मैम'. ताई स्टेजवर, पोरांच्या मधोमध, हसून राहिली आहे. मास्क नाही. मला तर माहीतच नव्हतं शाळेत ती मास्क काढून स्टेजवर जाते.

खाली लोकांनी जे लिहिलं ते इथे लिहीत नाही. पाच-सहा जणांनी तर तेच नाव लिहिलं, नवव्या दरवाज्याचं.

मी माझा फोटो काढून टाकला. काही उपयोग नाही. शंभर जागी आहे तो, त्यावर माझं काही चालत नाही आता.

१५ डिसेंबर, सोमवार

तिने पाहिलं असणार. शाळेत गेली वेळेवर. मी दिवसभर एका नवरीचे डोळे सारखे करत बसली, एक जरासा लहान होता. संध्याकाळी सोनी भैयांना म्हटलं, हे राहू द्यायचं का जसंच्या तसं? म्हणाले, पार्टी मना करेगी.

केले सारखे.

२१ डिसेंबर, रविवार

ताई बाजारात गेली होती. बाबा अंगणात उन्हात बसले होते, मला बोलावलं.

"नंबर दे म्हणून मीच म्हटलं होतं. तिला सांग ते."

"तिला माहीत आहे, बाबा."

मग, "मी रोज देवासमोर म्हणायचो, तिचं तोंड नीट कर. मनातल्या मनात. तिच्यासमोर कधी काढलं नाही. पण रोज सकाळी पाहून घ्यायचो, आज काही फरक पडला का. चार वर्षं पाहून राहिलो मी." चष्मा काढून पुसला. "तिला दिसत असेल नं ते, शुभा? चहा देताना?"

दिसतच असेल. माझ्या न पाहण्यातही दिसत असेल.

फाटक वाजलं तसे बाबा उठून आत गेले.

२७ डिसेंबर, शनिवार

दुपारी तिच्या खोलीतून आवाज. आधी वाटलं फोनवर बोलते आहे. मग कळलं. नवव्या दरवाज्याचा सीन आहे. आकाशकडून मागवून घेतला असेल.

चेटकिणीसारखं काही नव्हतं त्यात. हळू बोलत होती. कोणीतरी बाई आहे, वर्षानुवर्षं दारात बसलेली, लोकं भिऊन जातात आणि ती प्रत्येकाला विचारते, थांबतो का थोडा? अडायची, पहिल्यापासून घ्यायची. एक वाक्य सात-आठ वेळा, दर वेळी वेगळं.

मी बाहेर.

"शुभा," आतून. पंचवीस दिवसांनी माझं नाव सरळ. "आत यायचं तर ये, नाही तर जा. दारात उभी नको राहू."

मी गेली. स्वयंपाकघरात जाऊन बसली. आत जायला पाहिजे होतं का? रागावली होती का बोलावत होती? आवाजावरून सगळं कळतं म्हणते मी तिचं. हे नाही कळलं.

२ जानेवारी, शुक्रवार

मुंबईला गेली. परवा सांगितलं, बाबांना. "चार दिवस जाऊन येते."

"कशासाठी?"

"पाहून येते."

एवढंच. रोल घेतला का, घ्यायचा आहे का, की तोंडावर नाही सांगायला गेली, की जुन्या डॉक्टरला दाखवायला, की नुसती जुन्या मैत्रिणीकडे. बाबांनी पण पुढे विचारलं नाही. आम्ही दोघं आता विचारायला पण भितो आणि न विचारायला पण.

मी म्हटलं स्टेशनवर येते. "तुझं काम आहे, जा तू," म्हणाली. माझ्याकडे पाहून म्हणाली मात्र. बाबा गेले सोडायला. डब्यात जागा खिडकीची मिळाली, म्हणाले.

६ जानेवारी, मंगळवार

आज यायची होती. नाही आली. दुपारी बाबांना मेसेज, थोडे दिवस लागतील.

ग्रुप सोडला मी. दुसऱ्या ईराचे फोटो येऊन राहिले होते, तेच दगड, तोच कंदील. कोणीतरी विचारलं पण, वो जबलपुर वाली का क्या हुआ? पाहून बाहेर पडली.

८ जानेवारी, गुरुवार

रात्रीच्या जेवणाआधी बाबांना फोन आला तिचा. स्पीकरवर ठेवला त्यांनी. शुगर पाहिली का, गोळ्या संपल्या का, तिथे थंडी नाही, जेवण फार तिखट. नेहमीचंच. आवाज थकलेला होता, पण कसा ते सांगता येत नाही. रडून थकल्यासारखा नव्हता.

बाबा म्हणाले, "शुभा आहे इथे. देऊ?"

"नंतर," म्हणाली.

मागून कोणीतरी हाक मारली तिला. "मंजिरी!" नुसतं मंजिरी. मैम नाही, दीदी नाही. "आती हूँ," ती म्हणाली, आमच्यासाठी नाही, त्या माणसासाठी. आणि फोन ठेवला.

बाबा माझ्याकडे पाहून राहिले. "नंतर म्हणाली ती. नको नाही म्हणाली."

"हो, बाबा."

शाळेतून दोनदा विचारणा झाली आहे. उद्या स्टुडिओत जायच्या आधी तिचा रजेचा अर्ज नेऊन द्यायचा. लिहायला घेतला. तिचं नाव, वर्ग, विषय, कारण घरगुती. 'पासून'ची तारीख लिहिली. 'पर्यंत'ची जागा कोरी ठेवली आहे.